मातीचं विरजण

रोहा, १६ सप्टेंबर २०२५

विहीणबाई चंद्रावतीबाई यांना रोहिणीचा नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचलता तेव्हा आपण दोघी एकदमच बोलतो. त्यामुळे लेकरांच्या लग्नापासून आजवर आपण एकमेकींचं एकही वाक्य पुरतं ऐकलेलं नाही. म्हणून कागद. कागदाला मधेच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. कान्हूचा टेम्पो धाटावच्या कंपनीतून रिकामे ड्रम घेऊन हमरापूरवरून जातो, त्याच्या हाती देते आहे. हायवेवर उसळून अक्षरं इकडची तिकडे झाली तर सांभाळून घ्या.

तुम्ही पाठवलेली पिशवी पोचली. पेणच्या पोह्यांची पिशवी बघून आमच्या ह्यांनी दडप्या पोह्यांसाठी नारळसुद्धा फोडला. आत निघाली ढेप. करडी, जड, एका अंगाने बसकी. कान्हूने तुमचा निरोप शब्द न गाळता दिला, त्याला नाटकात घ्यायला हवं. "विहीणबायना सांग, तुमच्या लेकीच्या हातचं पक्वान्न हाय. चावून बघा." चावली नाही. नारळाची कोशिंबीर झाली.

आता जे झालं ते मला कळलं तसं लिहिते, चुकलं तर दुरुस्त करा. ठाण्याच्या तुमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाने दीड दिवसाची मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित केली. शाडूची मूर्ती, म्हणजे उद्या झाडांना माती. माती झालीही, पण तळाशी ही ढेप उरली. त्यांच्या नातवाने ढेपेवर चमचा वाजवला, टणटण आवाजाचा व्हिडिओ केला आणि तुमच्या कारखान्याची पाटी दाखवून लिहिलं, 'शाडूच्या भावात प्लास्टर.' पुढच्या वर्षाची गिऱ्हाइकं आता तुम्हालाच उलटून विचारतायत. आणि तुम्ही रंगकामाच्या सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलंत की प्लास्टर सुनेने घातलं. का, तर शिमग्याच्या सुमारास स्वप्नाली एकदा म्हणाली होती, मातीत चिमूट प्लास्टर टाकलं तर वाळताना तडे जाणार नाहीत.

ती इथे आली आहे, एक पिशवी घेऊन. किती दिवसांसाठी ते सांगत नाही. जावईबापू दोन्ही घरांत सारखेच गप्प. आमच्या विषयात असे काही वायू असतात, कशाशीच संयोग पावत नाहीत. त्यांना राजवायू म्हणतात, हा त्यातल्या त्यात सन्मान.

बावीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना 'एका मिश्रणात' असं सुरू होणारी गणितं घालते. मिश्रणात हे इतकं, ते इतकं, तापवल्यावर वजन इतकं भरलं, तर कशाचं प्रमाण किती. फळ्यावर मी शेकडो मिश्रणं वेगळी केली. हातात एकही घेतलं नव्हतं. काल ढेप टेबलावर ठेवली आणि खरं सांगते, मुलीचं काय होणार हा विचार दुसरा आला. पहिला आला तो हा, की हिच्यात आहे तरी काय?

तेव्हा अट ऐका. मी ढेप तपासते. जे निघेल ते लिहीन. प्लास्टर निघालं तर मुलगी माझी म्हणून झाकणार नाही. आणि तिने घातलेलं नाही असं ठरलं, तर तुम्ही ते त्याच बायकांसमोर म्हणायचं.

तुमची,
रोहिणी


रोहा, २१ सप्टेंबर

विहीणबाई,

निकाल शेवटी सांगते. आधी सांगितला तर वरचं कोणी वाचत नाही, हा क्लासमधला अनुभव आहे.

प्लास्टरचा सगळा कारभार पाण्यावर चालतो. पोत्यातलं प्लास्टर पाणी पितं आणि दगड होतं, हे तुम्ही साचे करताना रोज बघता. ते पाणी वाळून जात नाही. ते आत बांधलं जातं. घट्ट झालेलं प्लास्टर वजनाने १७२ भाग घेतलं, तर त्यातले ३६ भाग नुसतं पाणी. हात लावला तर कोरडं ठणठणीत, आणि पोटात एवढं पाणी. ते काढायचं तर चांगलं तापवावं लागतं. मग उलट हिशेब. तापवून वस्तू किती हलकी झाली बघायचं, आणि त्यावरून आत प्लास्टर किती होतं ते काढायचं. दाराबाहेरच्या चपला मोजून लग्नाला किती माणसं आली ते सांगतात, तसं.

आमच्याकडे केकचा ओव्हन आहे. त्यात केक एकदाच झाला, तोही बसला. ढेपेचा तुकडा आधी उन्हात कोरडा केला, पन्नास ग्रॅम मोजला, आणि दोनशे अंशांवर भाजला, वजन घटायचं थांबेपर्यंत. घट आली ३.६ ग्रॅम.

छत्तीसला एकशेबहात्तर, तर तीन पूर्णांक सहाला सतरा पूर्णांक दोन. पन्नासात सतरा, म्हणजे शंभरात चौतीस. गणित इतकं सुबक सुटलं की मी स्वतःवर खूश झाले. पुस्तकामागचं उत्तर जुळल्यावर पोरं होतात तशी. मग वळून बघितलं तर दारात स्वप्नाली.

"किती निघालं?"

"चौतीस टक्के."

"मी नाही घातलं."

"मग कोणी?"

"माहीत नाही."

पहिलं उत्तर तिने माझ्याकडे बघून दिलं, दुसरं फ्रिजकडे बघून. परीक्षेच्या हॉलमध्ये माझी निम्मी हयात गेली आहे, विहीणबाई. कुठलं उत्तर स्वतःचं आणि कुठलं नाही, ते मला पेपर न वाचता कळतं. त्या रात्री जेवण कोणाला धड गेलं नाही.

अट पाळते. ढेपेत प्लास्टर आहे.

पण पत्र बंद करायला घेतलं आणि आमचे हे, ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध चहापुरता, पेणचा पापड भाजताना म्हणाले, "हा पण भाजल्यावर हलका होतो गं. यात पण प्लास्टर असतं का?" मी त्यांना गप्प बसवलं. नंतर स्वतःच वही पुन्हा उघडली. माती तापवली की मातीचंही थोडं पाणी उडणार, ते मी धरलंच नव्हतं. सगळ्या चपला वऱ्हाडाच्याच समजले. घरच्यांच्या चपला वजा केल्याच नाहीत.

तेव्हा पोत्यातली कोरी शाडू पाठवा, पाणी न लागलेली.

रोहिणी


हमरापूर, २६ सप्टेंबर

रोहिणीबाय,

तुमचा जावई निकेश लिवतोय, मी सांगतेय. त्यानं मधी काय गोड केलं तर मला वाचून दाखवताना कळंल, म्हणून तो करनार नाय.

चौतीस म्हंजे तिसरा हिस्सा. माझ्या डोळ्यांसमोर तिसरा हिस्सा पिलास्टर मातीत गेलं न मला कळलं नाय? मी काय आंधळी हाय? आता तुमीच म्हनता गणित चुकलं. मंग आदी लिवलं कशाला? आमी मूर्ती सुकल्याशिवाय रंगाला घेत नाय. तुमचं गणित ओलं असतानाच रंगवलंत.

माती पाठवलीय, डब्यात. डबा परत पाठवा.

न एक ऐका. माझी माती आजची नाय. माझ्या सासूपासून मडकं हाय आमच्याकडं. उरलेली माती, तडकलेली मूर्ती, सगळं त्यात, वर ओलं फडकं. दर साली पहिला गोळा मळतो त्यात त्या मडक्यातली मूठभर माती टाकतो. विरजण. दह्याला दही लावतात तसं. सासू देवाघरी गेली, पन तिच्या हातची माती अजून त्या मडक्यात हाय, न मडक्यातली दर सालच्या मूर्तीत. त्या पहिल्या गोळ्याची मूर्ती ठाण्याच्या घरी जाते, त्यांचा मान हाय तो. अशा मातीत पिलास्टर कोन घालंल? जिला विरजणाची किंमत नाय तीच.

तिचे डोळ्यांच्या आखणीचे ब्रश वाळून काटे झालेत. दुसरं कोन हात लावीत नाय. हे लिवू नको म्हटलं तरी निकेशनं लिवलंय, ते मी नाय सांगितलेलं.

चंद्रावती


रोहा, ३ ऑक्टोबर

विहीणबाई,

डबा परत पाठवते आहे, आत दसऱ्याचं सोनं आणि चार करंज्या. रिकामा डबा पाठवला असं तुमच्याकडून ऐकायची माझी तयारी नाही. ओल्या गणिताचं बोलणं लागलं. क्लासमध्ये वापरायला घेतलं आहे, तुमचं नाव न सांगता.

तुमची कोरी शाडू तशीच उन्हात कोरडी करून, पन्नास ग्रॅम, तशीच भाजली. घट दीड ग्रॅम. म्हणजे पापड बरोबर होता. ढेपेत दोन वस्तू आहेत आणि दोन्ही तापल्यावर घटतात, एक पुष्कळ, एक थोडी. एकूण घट माहीत आहे, एकूण वजन माहीत आहे. प्लास्टर 'क्ष' धरा, उरलेली शाडू. दोघांच्या घटींची बेरीज ३.६ यायला हवी. सोडवलं तर क्ष जेमतेम बारा ग्रॅम येतो. चौतीस टक्क्यांवरून आपण तेविसावर आलो.

सुबक नाही आलं उत्तर. पॉइंटनंतर शेपूट आहे. म्हणून माझा त्यावर जास्त विश्वास बसला.

मी हे फळ्यावर मांडत होते, क्लास सुटल्यावर. स्वप्नाली झाडू घेऊन आली. झाडायचं सोडून बघत राहिली. मग म्हणाली, "ही ढेप म्हणजे मूर्ती का, आई?"

"म्हणजे?"

"विरघळलं ते बादलीतून गेलं. जे विरघळलं नाही तेच तू तपासतेस. नापास झालेली पोरं मोजून वर्गाचा निकाल लावशील का?"

लेक माझी असल्याचा पुरावा मला याहून जास्त नको होता. आणि विहीणबाई, ती बरोबर बोलत होती. तेवीस टक्के हे ढेपेचं उत्तर. मूर्तीचं उत्तर आपल्याला माहीतच नाही, ते ठाण्यातल्या कुंड्यांत आहे.

मग तिने आपल्या पिशवीतून कापडात गुंडाळलेला उंदीर काढला. शाडूचा, बोटभर, लाडू पकडून बसलेला. यंदा मे महिन्यात तुमच्याच कारखान्यात मळलेल्या मातीचा, तिने स्वतः केलेला. कान इतके बारीक की बघताना श्वास धरावा लागत होता. म्हणाली, "हा घे. मी प्लास्टर घालत असते तर तड्यांसाठी घातलं असतं ना? मग प्रत्येक मळणीत असतं. यातही असायला हवं."

तो उंदीर फोडताना मला काय वाटलं ते लिहीत नाही. फोडला, कोरडा केला, भाजला. कोऱ्या शाडूइतकीच घट आली, वर काही नाही. उंदीर निर्दोष सुटला, जिवानिशी नाही.

म्हणजे प्लास्टर आहे, पण सगळ्या मातीत नाही. फक्त ठाण्याला गेलेल्या मूर्तीत, आणि तिथेही एका जागी गोळा झालेलं. मला आता झोप येईना. उरलेली ढेप रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी हाताने कुस्करली आणि चहाच्या गाळणीतून गाळली. (गाळणी दुसरी आणली आहे, आमच्याकडे चहा घ्यायला घाबरू नका.) कोणी मळताना पोत्यातलं प्लास्टर टाकलं असतं तर ते पिठासारखं सगळीकडे पसरलं असतं. इथे खडे आहेत, बोथट, पांढरे. आणि काही खड्यांना एका बाजूने रंग आहे. एकाला गुलाबी, एकाला सोनेरी.

पोत्यातल्या प्लास्टरला रंग कुठून येणार? हे आधी कुठली तरी मूर्ती होऊन आलं आहे.

आणि पहिल्या गोळ्यात मातीशिवाय एकच वस्तू पडते, ती तुम्हीच मला लिहून कळवलीत. म्हणून विचारते, भांडायला नाही. तुमच्या मडक्यात काय काय जातं?

रोहिणी


रोहा, ५ ऑक्टोबर

विहीणबाई,

तुमचं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे, कारण गाळातून आणखी एक गोष्ट निघाली. ती कापसात ठेवून सोबतच्या पुडीत घातली आहे. बोट आहे. टोकाला नखाची गुलाबी रेघ, बुडाशी सोनेरी अंगठी. आखणी चांगली आहे, पण तुमच्याकडची नाही, एवढं मलाही कळतं.

स्वप्नालीने ते बघितलं आणि मुठीत झाकून घेतलं. मग म्हणाली, हे पत्रात लिहू नकोस. मी का विचारलं तर म्हणाली, "नको ना." या घरात मला कोणी विनंती करावी ही पहिलीच वेळ, त्यामुळे मी गोंधळले. तरीही बोट पाठवते, कारण निघेल ते कळवीन अशी अट मीच घातली होती. फक्त त्यावर काही लिहीत नाही.

कोणाचं काम ते मी विचारणार नाही. मिश्रणाच्या गणितात किती एवढंच विचारतात. कोणी मिसळलं असा प्रश्न बोर्डाने आजवर घातलेला नाही.

रोहिणी


हमरापूर, १२ ऑक्टोबर

रोहिणीबाय,

हे मीच लिवतेय. निकेशला नाय सांगितलं. अक्षर सातवीचं हाय, धकवून घ्या.

बोट ओळखलं.

मागल्या साली अनंत चतुर्दशी झाल्यावर दोन दिसांनी भोगावतीच्या काठानं येत व्हतो, मी न स्वप्नाली. पानी उतरलेलं. चिखलात हात पडलेला, आशीर्वादाचा, बोटं वर. मला वाटलं मला थांब म्हनतोय. मानसं बाजूनं जात व्हती, एक कुत्रा हुंगीत व्हता. पिलास्टरचा हाय ते मला लांबूनच कळलं. पिलास्टरवर मी किती बोलते ते तुमाला ठाव हाय. पन देवाचा हात तो. तसाच टाकून कशी येऊ? पदरात घेतला, घरी आनून धुतला न मडक्यात ठेवला. म्हटलं सालभर भिजंल, मातीत माती होईल, पुन्हा देव होईल.

ती तवाच म्हनाली, आई, हा विरघळनार नाय. मी तिला म्हटलं, तू देवाला शिकवू नको.

शिमग्यानंतर मडक्यातलं मोगरीनं ठेचलं न पहिला गोळा केला. हाताला काय लागलं नाय. मी समजले विरघळला. खोटं नाय सांगत. मंग ठाण्याचं ते झालं, न माझ्या डोक्यात तिचं तड्याचं बोलनं आलं, न मी बोलले. ती समोर उभी व्हती. तिला सगळं ठाव व्हतं. एक शब्द बोलली असती तर सगळ्या बायांत माझीच शोभा झाली असती. नाय बोलली. पिशवी भरली न गेली.

बोट बघून मी जेवले नाय त्या दिशी.

काल सगळ्या बायांना बोलावलं. तुमची अट पुरी केली. काय बोलले ते लिवत नाय, निकेशला विचारा, तो रडला. ठाण्यालापन फोन केला. म्हातारे लई हसले. म्हनाले, चंद्रावती, एका मूर्तीच्या पैशात पाच हात दिलेस. नातवाला सांगतो म्हनाले.

आता मडक्याचं. ते कान्हूबरोबर पाठवतेय, तसंच, फडक्यासकट. त्यात अजून खडे असतील. सगळं टाकायचं का काय राखता येईल ते तुमच्या गणिताला विचारा. टाकायचं असंल तर मला सांगू नका. सासूनं माझ्या हातात दिलेली ती एकच वस्तू, बाकी सगळं तिनं जावेला दिलं.

तिला ये म्हनायला मला तोंड नाय. ब्रश धुवून ठेवलेत.

चंद्रावती


रोहा, २८ ऑक्टोबर

विहीणबाई,

दिवाळीचे चार दिवस तुमच्या मडक्यात गेले. फराळ विकतचा आणला, हे गावात सांगू नका.

टाकलेलं नाही. आधी तेच लिहिते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल.

मडक्यातली माती पाण्यात कालवली, अगदी ताकासारखी पातळ, आणि माझ्या जुन्या सुती साडीतून गाळली. एका टोकाला मी, एका टोकाला स्वप्नाली. माती खाली गेली, खडे वर राहिले. मनगटाचा भाग निघाला, अंगठा निघाला, तळव्याचा तुकडा निघाला, त्यावर कुंकवाचं अर्धं बोट अजून होतं. माती दोन दिवस निवळू दिली, वरचं पाणी काढलं, गोळा पुन्हा मडक्यात.

मग त्यातली थोडी भाजली. हो, भाजली, मी सुधारणार नाही. घट कोऱ्या शाडूएवढीच आली. मातीत आता फक्त माती आहे. तुमच्या सासूबाई त्यात आहेत की नाहीत हे सांगणारी कसोटी माझ्याकडे नाही. त्यांचं वजन भरत नाही, एवढंच सांगू शकते. पण मडकं उचलताना ते जड लागलं हेही खरं.

राहिले खडे. ते टाकायचे नव्हते, हे तुम्ही न लिहिता मला कळलं होतं. मी विचार करत बसले होते आणि स्वप्नालीने विचारलं, "तापवून पाणी जातं ना? मग पुन्हा पोत्यातल्यासारखं होईल का गं?"

बावीस वर्षं शिकवते आहे, आणि हे मी उलट बाजूने कधी वाचलंच नव्हतं. होईल. मी ढेप तपासताना दोनशेवर नेली होती, सगळं पाणी काढायला. पण दीडशेच्या आसपास धीराने ठेवलं तर सगळं जात नाही. १७२ चे १४५ होतात. चारातले तीन वाटे पाणी जातं, एक वाटा आत राहतो. पोत्यातलं प्लास्टर म्हणजे तेच. तो एक वाटा आत असताना वर पाणी घातलं की ते ओळखीचं असल्यासारखं धरतं.

खडे घासून रंग काढला, भाजले, मिक्सरमध्ये पीठ केलं. चटणीचं भांडं गेलं. आमचे हे म्हणाले, "गाळणी गेली, भांडं गेलं, ओव्हन गेला. विहिणींचं भांडण परवडलं असतं." मग पिठात पाणी घातलं आणि आम्ही तिघं वाटीभोवती बसलो. लागेल की नाही कोणालाच ठाऊक नव्हतं. स्वप्नालीने बोट टेकवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, गरम होतंय." प्लास्टर घट्ट होताना ऊब सोडतं, हे मी दरवर्षी शिकवते. बोटाला पहिल्यांदा लागली.

ती चाचणी झाली. उरलेल्या पिठाचं काय करायचं ते तिने आधीच ठरवलं होतं, मला न विचारता. मडक्यातल्या मातीतून तिने एक हात घडवला, आशीर्वादाचा, बोटं वर, आणि त्यावर ते प्लास्टर ओतून साचा केला. थोडा खडबडीत आहे, एका कडेला बुडबुडा राहिला आहे. पण शाडू दाबली की हात निघतो. मी चार काढून बघितले, त्यातले दोन बरे आले. तुमच्या भोगावतीच्या काठचा तो हात विरघळायला तयार नव्हता. आता विरघळायचं काम मातीने करावं, त्याने नुसतं धरावं. पुढच्या वर्षी ठाण्याच्या मूर्तीचा हात यातून काढा. म्हाताऱ्यांना सांगा, या वेळी हिशेबाने चारच.

कान्हू उद्या सकाळी निघतो आहे. टेम्पोत पुढे, त्याच्या शेजारी, मडकं मांडीवर घेऊन स्वप्नाली बसेल. मी सांगितलं मडकं मागे ड्रमांत बांध, तर म्हणाली खड्ड्यांत फुटेल. साचा पोह्यांच्या त्याच पिशवीत आहे. तिला ये म्हणायला तुम्हाला तोंड नाही असं लिहिलंत, ते पत्र तिने वाचलं. म्हणाली, "ब्रश धुतलेत ना त्यांनी? टोकं उलटी करून ठेवले असतील. त्यांना ब्रश धुता येत नाहीत." आणि पिशवी भरायला घेतली. दारात तुम्ही काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. दोघी एकदम बोलू नका, एवढाच अनुभवाचा सल्ला.

आली तेव्हापेक्षा पोरीचं वजन थोडं कमी भरेल. काळजी करू नका, ती घट पाण्याची आहे, इथे दीड महिन्यात डोळ्यांवाटे गेलेल्या. मी सगळं जाऊ दिलं नाही. थोडं आत राहू दिलंय.

तुमची विहीण,
रोहिणी